रजा मंजूर करणारा माणूस

मीरा रोड-भाईंदरच्या नोकरदाराला नोकरी कशी चाललीय असं विचारलं, की तो आधी सोयी सांगतो. पीएफ कापतात, मेडिक्लेममध्ये आईवडीलही आहेत, रात्रपाळीला गाडी बिल्डिंगच्या गेटपर्यंत सोडते, पगार कधी पुढे ढकललेला नाही, कँटीनचं जेवणही ठीक. एवढं झालं की तो क्षणभर थांबतो आणि आवाज खाली करून टीम लीडरबद्दल बोलायला लागतो. रोस्टर ऐनवेळी बदलतो, श्रेय स्वतः घेतो, चूक झाली की सगळ्यांसमोर नाव घेतो, रजेचं विचारलं की उत्तरच देत नाही. भाईंदर लोकलमध्ये रोज संध्याकाळी ही तक्रार ऐकू येते. ऐकणारा बहुतेकदा म्हणतो, ‘अरे, पण कंपनी चांगली आहे ना!’

कंपनी खरोखर चांगली असते, आणि तक्रारही खरी असते. सोयी ठरवतं मुख्य कार्यालय, वर्षातून एकदा, आणि सगळ्यांसाठी सारख्या. त्या कर्मचाऱ्याच्या हाती पडतात मात्र एकाच माणसाच्या हातून, रोज थोड्याथोड्या, त्याच्या मर्जीप्रमाणे. धोरणाच्या पुस्तिकेत २१ दिवसांची रजा लिहिलेली असते, पण ‘जा’ म्हणणारा माणूस पुस्तिकेत नसतो.

हा विषय मीरा-भाईंदरमध्ये बसून लिहायला कारण आहे. हे शहर नोकरदारांनी वसवलं. आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली इथे नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. गिरगाव-परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडून लोक शांतीनगरला, नवघरला, काशीमीऱ्याला वन बीएचकेत आले. घर इकडे आलं, नोकरी तिकडेच राहिली. आज तिसरी पिढी अंधेरीच्या सीप्झला, मालाडच्या माइंडस्पेसला नाहीतर बीकेसीला जाते. घराचा हप्ता, आईची शुगर, मुलाची फी हे सगळं एका पगारावर उभं असलं, की नोकरीतल्या सोयींना या शहरात फार वजन येतं. टीम लीडरची मर्जी सांभाळण्यालाही तेवढंच.

गणपतीच्या रजेचं उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी ही मुदत १२० दिवसांची होती. गणपतीतल्या कोकण गाड्या सकाळी आठला आरक्षण उघडलं की बघता बघता वेटिंगवर जातात. म्हणजे कुडाळला घरच्या गणपतीला पोचायचं, तर दोन महिने आधी तारीख पक्की हवी. आता समजा, काशीमीऱ्यात राहणारा एक तरुण मालाडला परदेशी बँकेचं काम करणाऱ्या कंपनीत आहे. पोर्टलवर त्याच्या नावावर १४ दिवसांची पीएल शिल्लक दिसते. तो वेळेत अर्ज टाकतो. अर्जापुढे पिवळ्या अक्षरांत ‘पेंडिंग’ येतं आणि येऊन तसंच राहतं. विचारलं की टीम लीडर म्हणतो, ‘रोस्टर लागू दे, मग बघू.’ रोस्टर लागतं पंधरा दिवस आधी. तोवर त्या तरुणानं देवावर हवाला ठेवून तिकिटं काढलेली असतात, तीही बायको आणि आईसकट. चतुर्थीच्या आठवड्यात निरोप येतो: दोन दिवस देतो, तिसऱ्या दिवशी लॉगिन पाहिजे. कुडाळहून तिसऱ्या दिवशी मालाडला लॉगिन म्हणजे दीड दिवसाचा गणपती तरी धडपणे पाहायला मिळेल का, हा हिशोब टीम लीडरनं केलेला नसतो. शेजारच्या टेबलावरच्याचा अर्ज मात्र त्याच दिवशी मंजूर झालेला असतो, कारण तो साहेबाबरोबर चहाला जातो. निदान सगळ्यांची तशी समजूत होते. नकाराचं कारण कुणी सांगत नसलं, की लोक स्वतःच कारण शोधतात आणि ते सहसा सगळ्यात वाईट कारण असतं.

मार्चमध्ये एचआरची मेल येते: तुमची रजा शिल्लक आहे, कृपया वापरा.

कायद्यात या रजेची तरतूद बरी आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात, वर्षात २४० दिवस भरले तर कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्याच कायद्यानं रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतची वाहतूक बंधनकारक केली. म्हणून तर दहिसर चेकनाक्यावर मध्यरात्रीनंतर पांढऱ्या गाड्यांची रांग दिसते. पण गाडी सुटण्याची वेळ ठरलेली असते आणि काम संपण्याची वेळ टीम लीडर ठरवतो. शिफ्ट संपताना ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून बैठक घेतली, की मीरा रोडची गाडी निघून जाते. पुढची गाडी येईपर्यंत मुलगी लॉबीत बसून राहते. कंपनीच्या खात्यात वाहतूक सुविधा दिल्याची नोंद होते, ती खोटीही नसते.

हे आजचं वाटतं, पण मुंबईनं यातून एकदा जाऊन आलेलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, तेव्हा आठवड्याची सुट्टी ही त्यांतली मुख्य मागणी होती. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तिकडे नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली आणि तिथे १८८६मध्ये पेन्शन फंड, १८९५मध्ये अपघाताची भरपाई आणि १९०१मध्ये प्रॉव्हिडंट फंड आला. सरकारनं पीएफचा कायदा केला तो १९५२ साली. म्हणजे ‘बेनिफिट्स’ ही काही आयटी कंपन्यांनी आणलेली नवलाई नव्हे.

पण सुट्टी आणि पेन्शन देणाऱ्या मालकाची कामगाराशी गाठ पडतच नसे. मुंबईच्या गिरण्यांत त्याची गाठ पडे ती जॉबरशी. कामावर घेणं जॉबरच्या हातात, कुठल्या साच्यावर उभं करायचं तेही त्याच्याच हातात, रजा त्याच्याकडून आणि नारळही त्याच्याकडून. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. कामावर राहायचं तर दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. सातारा-रत्नागिरीहून आलेला माणूस गावी जाऊन वेळेवर परतला नाही, तर त्याची जागा बदली कामगाराला मिळे आणि ती परत मिळवायला पुन्हा जॉबरचेच पाय धरावे लागत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगानं १९३१च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचं काम जॉबरकडून काढून स्वतंत्र अधिकाऱ्याकडे द्यावं असं सुचवलं. १९३५मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघानं बदली कामगारांना कार्डं देऊन रोजची भरती नियमात बांधण्याची योजना आणली. दुखणं कुठे आहे हे लोकांना तेव्हा कळलं होतं. मजुरी आणि सवलतींची भांडणं चालू होतीच, पण एका माणसाच्या हाती एवढी मनमानी का, हाही प्रश्न तेवढाच धगधगत होता.

जॉबर दुष्ट होता असं म्हणून भागत नाही. गिरणीचा मॅनेजर बहुधा कामगाराची भाषा बोलत नसे, दर सकाळी गैरहजर किती असतील याचा त्याला अंदाज नसे, आणि साचे तर चालले पाहिजेत. ती जबाबदारी जॉबरवर टाकून तो मोकळा होई. आजचा टीम लीडरही असाच मधे सापडलेला असतो. वरून हजेरीचा आणि टार्गेटचा आकडा येतो. माणसं मात्र मोजकीच दिलेली असतात, एकही जादा नाही. दोघं रजेवर गेले की आकडा पडतो आणि बोलणी त्याला बसतात. अशा वेळी ‘पेंडिंग’ हे त्याच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित उत्तर असतं. हो म्हटलं तर वरचा रागावतो आणि नाही म्हटलं तर एचआर विचारतं.

एका बाबतीत मात्र जॉबर टीम लीडरपेक्षा बरा होता, असं मला वाटतं. तो बहुतेकदा कामगारांच्याच मुलखातला आणि त्यांच्याच वस्तीत राहणारा असे. खोली बघून देणं, उसने पैसे देणं, भांडण मिटवणं ही कामंही त्याला करावी लागत, कारण माणसांनी पाठ फिरवली तर त्याची मिजासही संपे. टीम लीडरला असं काही देणं लागत नाही. संध्याकाळी तो ठाण्याला जातो, टीम विरारला.

मग अशी माणसं टीम लीडर होतात कशी? बहुतेक वेळा ती आधीच्या कामात उत्तम असतात म्हणून. सगळ्यात जलद फाइल निपटणारा, सगळ्यात जास्त विक्री करणारा, कोड सगळ्यात चोख लिहिणारा, त्याला बढती द्यायची तर शिडी एकच असते आणि तिच्या वरच्या पायरीवर माणसं सांभाळायची असतात. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली या प्रकारावर एक खोडकर पुस्तक लिहिलं: माणूस बढत्या घेत घेत शेवटी त्याला न जमणाऱ्या जागेवर जाऊन थांबतो. लोक हसले. पुढे पन्नास वर्षांनी, २०१९मध्ये, अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या अर्थतज्ज्ञांनी अनेक अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. बढती बहुतेक करून उत्तम विक्रेत्यांना मिळत होती, आणि हेच उत्तम विक्रेते व्यवस्थापक म्हणून सरासरीनं कमी पडत होते. एकट्यानं विकणाऱ्यापेक्षा दुसऱ्यांबरोबर मिळून विक्री करण्याची सवय असलेले लोक पुढे चांगले साहेब ठरत. कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. पण सगळ्यात जास्त विकणाऱ्याला डावललं तर उद्यापासून जीव तोडून विकणार कोण, ही त्यांची अडचणही खोटी नाही.

गूगलची गोष्ट याहून मजेची आहे. फुकट जेवण, मालिश, व्यायामशाळा या बाबतीत या कंपनीचं नाव दृष्टान्तासारखं घेतलं जातं. २००२च्या सुमारास तिच्या संस्थापकांनी अभियंत्यांवरचे मधले साहेबच काढून टाकून पाहिले. काही महिन्यांत प्रयोग गुंडाळावा लागला, कारण लोक खर्चाची बिलं आणि आपापसातली भांडणं घेऊन थेट लॅरी पेजकडे जायला लागले. नंतर २००८-०९च्या सुमारास कंपनीच्याच संशोधकांनी एक प्रकल्प हाती घेतला. साहेब चांगला की वाईट यानं काही फरक पडत नाही, हे सिद्ध करता येतं का ते त्यांना पाहायचं होतं. निष्कर्ष उलटा निघाला. चांगल्या साहेबांच्या टीममधले लोक जास्त टिकत होते आणि जास्त समाधानी होते. चांगल्या साहेबाचे आठ गुण त्यांनी काढले. पहिला होता हाताखालच्याला शिकवता येणं. तांत्रिक हुशारी, जिच्या जोरावर बढती मिळते ती, आठव्या क्रमांकावर होती.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात इथे हमखास फ्रेडरिक हर्झबर्ग येतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापालांना कामातले सुखाचे आणि दुःखाचे प्रसंग विचारले आणि १९५९मध्ये पुस्तक काढलं. पगार, कामाची जागा, धोरणं, वरिष्ठांची देखरेख या गोष्टी वाईट असल्या तर माणूस दुःखी होतो, पण चांगल्या असल्या म्हणून सुखी होत नाही. सुख कामातून, कौतुकातून, जबाबदारीतून येतं, असा त्यांचा सिद्धान्त. पहिला अर्धा भाग पटतो. पण कँटीन आणि साहेब एकाच खणात ठेवण्याशी माझं जमत नाही. कँटीनची भाजी बिघडली तर फक्त भाजी बिघडते. साहेब बिघडला तर रजा, गाडी, पगारवाढ, आजारपणातली सवलत सगळ्यांचीच चव जाते, आणि हर्झबर्ग ज्याला सुखाचं मूळ म्हणतात ते कौतुकही त्याच्याच तोंडून यायचं असतं.

यात नुसता मनस्ताप असतो असंही नाही. स्टॉकहोमच्या ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांचा काही वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. आपला साहेब कामाची नीट माहिती देतो का, बदल समजावून सांगतो का, पुरेसा अधिकार देतो का, अशा प्रश्नांना ज्यांची उत्तरं चांगली होती, त्यांच्यात पुढे हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसलं. ब्रिटनमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या १०,३०८ सरकारी नोकरांच्या पाहणीतही, कामावर स्वतःचा ताबा नसलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. हे सरकारी नोकर होते. पेन्शन, रजा, सरकारी दवाखाना सगळं होतं.

आपल्याकडे हा विषय दिवाणखान्यात आला २०२४च्या सप्टेंबरमध्ये. पुण्यात एका जगप्रसिद्ध लेखापरीक्षण समूहाच्या संस्थेत लागलेली २६ वर्षांची सीए नोकरीला चार महिने होतात न होतात तोच, जुलैमध्ये, वारली. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाचा डोंगर होता हे त्यात होतंच. पण साहेब क्रिकेटच्या सामन्यांप्रमाणे बैठकांच्या वेळा बदलत आणि दिवस संपताना काम देत, असा तपशीलही होता. मृत्यू कामाच्या ताणामुळे झाला हे कंपनीनं मान्य केलं नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं स्वतःहून दखल घेतली. राज्याच्या कामगार खात्याचे लोक कार्यालयात गेले, तेव्हा ते २००७पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चालत होतं असं आढळलं. इतक्या मोठ्या नावाच्या संस्थेत कामाचे तास विचारायला बाहेरून कुणी फिरकलंच नव्हतं.

वाचकाच्या मनात येईल की एवढा त्रास आहे तर नोकरी सोडत का नाहीत? भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत माणसं सोडतात. तिथे पीएफ-मेडिक्लेमची वानवा असते, पण शेठ समोरच बसलेला असतो. पुतणीचं लग्न आहे म्हटलं की तो ‘ये’ म्हणतो किंवा ‘नाही’ म्हणतो, दोन मिनिटांत निकाल. नाही पटलं तर माणूस पॉलिशवरून उठून पलीकडच्या गाळ्यात जातो. याचं कौतुक करावं असं मात्र नाही. प्रेसखाली बोट गेलं की हा मोकळेपणा काही कामाचा नसतो.

ऑफिसवाल्याचं पाऊल सोयींमुळे अडतं. त्यातली काही भीती खरी आहे, काही नुसती सवय. पीएफसाठी थांबायचं कारण नाही. यूएएन क्रमांक एकच राहतो, खातं नव्या कंपनीत नेता येतं. ग्रॅच्युइटीचं गणित कागदावर मांडून पाहावं. कायम नोकरीत ती पाच वर्षांनंतर लागू होते आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन मिळतं, महिना २६ दिवसांचा धरून. मूळ वेतन २०,००० असेल तर पाच वर्षांचे होतात सुमारे ५७,७०० रुपये. पाचव्या वर्षाला दोन महिने उरले असतील तर थांबण्यात शहाणपण आहे. दोन वर्षं उरली असतील तर महिन्याला अडीच हजारांहून कमी पैशांत आपण तो साहेब सहन करतो आहोत.

मेडिक्लेमचं दुखणं मात्र खरं आहे. कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडिलांचे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. नोकरी सोडली की ते छत्र जातं, आणि नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावं लागतं. विमा नियामकानं ही मुदत २०२४मध्ये जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. त्यासाठी राजीनाम्याच्या आधीच विचारणा सुरू करावी, शेवटच्या दिवशी नव्हे. ज्याचे वडील सत्तरीत आहेत आणि अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यानं टीम लीडर सोसत राहण्याचा निर्णय घेतला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही.

नवी नोकरी शोधताना लोक सोयींची यादी विचारतात. ती ऑफर लेटरमध्ये येणारच असते. विचारायचं ते वेगळंच: या टीममधून गेल्या वर्षभरात किती जण गेले, आणि टीममधल्या कुणी सलग आठवडाभराची रजा शेवटची कधी घेतली. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नावर समोरचा चाचपडायला लागला, तर उत्तर मिळालं. शक्य असेल तर टीममधल्या एखाद्याला खाली टपरीवर गाठावं.

कंपन्यांनाही उपाय माहीत नाहीत असं नाही. अर्जाला ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर रजा आपोआप मंजूर होईल एवढी सोय संगणकात करायला काही कोटी लागत नाहीत. हुशार पण माणसं न सांभाळता येणाऱ्याला टीम न देता पगार आणि पद वाढवून देणारी दुसरी शिडी अनेक तंत्रज्ञान कंपन्यांत आहे. पण अशी पावलं उचलायला आधी वर कळावं लागतं की माणसं साहेबामुळे जातात, आणि ते कळण्याची वाट फार अरुंद आहे. सोडून जाणाऱ्याकडून एचआर फॉर्म भरून घेतं. नोकरी सोडण्याचं कारण या रकान्यात काय लिहायचं, याचा तो विचारही करत नाही. ‘चांगली संधी’ लिहून मोकळा होतो. कारण नोटिशीचे तीन महिने त्याच टीम लीडरखाली काढायचे असतात, रिलीव्हिंग लेटरच्या आधी ‘नो ड्यूज’वर त्याचीच सही लागते आणि नव्या कंपनीकडून चौकशीचा फोनही त्यालाच जातो. वर्षअखेरीला मुख्य कार्यालयात हे फॉर्म एकत्र होतात. बहुसंख्य लोक चांगल्या संधीसाठी गेले असं दिसतं, म्हणजे आपण देतो ते कमी पडतंय असा अर्थ निघतो, आणि पुढच्या एप्रिलपासून मेडिक्लेमची रक्कम एक लाखानं वाढते.